पडद्याआडची सुरुवात

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने आमच्या दातवाल्याला पाहिलं नसावं. त्याचा सगळा जन्म दात कोरण्यात गेला आणि पोट चांगलं भरलं, थोडं पुढेही आलं. तो डॉक्टर नव्हे. 'आ करा' म्हणणारे आणि 'दुखणार नाही' असं धादांत खोटं सांगणारे ते डॉक्टर. त्यांच्याकडून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे खोक्यात भरून याच्याकडे यायचे, आणि हा घराच्या मागच्या खोलीत बसून त्यांवर कवळ्या तयार करायचा. मेणात दात बसवायचे, साच्यात ओतायचं, मग घासायच्या यंत्रावर धरून गुळगुळीत करायचं. एखादा दात तो मुद्दाम किंचित तिरका बसवायचा. "सगळे रांगेत बसवले की खोटे दिसतात," तो म्हणायचा. "माणसाच्या तोंडात थोडा वाकडेपणा हवाच."

त्या खोलीत, जबड्यांच्या फळीच्या वर, एका खिळ्याला त्याची युकुलेली टांगलेली असायची. चारच तारा, अंगाने मांजराएवढी, गिटारचं पिल्लूच म्हणा. त्याची बायको म्हणायची, "आमच्या घरात दोन बाळं. एक मोठं होऊन नोकरीला लागलं, दुसरं अजून खिळ्यावर आहे." मेण थंड होईपर्यंत हात रिकामे असत, तेव्हा तो ती खाली काढायचा आणि एखाद्या गाण्याची सुरुवात वाजवायचा. फक्त सुरुवात. गाणारा तोंड उघडण्याआधीचं ते थोडंसं म्युझिक. पुढचं गाणं त्याला फारसं लागत नसे. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला पाहून जो आनंद होतो, तो पाहुणा आठवडाभर राहिला की उरत नाही, असं त्याचं मत होतं.

असल्या मताचा माणूस एकटा पडायला हवा होता. पण वेडे वेड्यांना बरोबर हुडकून काढतात.

गावातला चष्मेवाला हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि पुढे साडू. दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, चष्मेवाल्याने थोरलीशी, दातवाल्याने धाकटीशी, तेही एकाच मांडवात. गुरुवारी चष्म्याचं दुकान लवकर बंद व्हायचं, आणि मागच्या तपासणीच्या खोलीत मंडळी जमायची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर थाळीएवढं आणि खालची ओळ मुंग्यांची. मधे काच घातलेलं टेबल. एका कोपऱ्यात जाड काळा पडदा, त्यामागे डोळ्यात उजेड टाकायची अंधारी जागा. आणि डोळे तपासायची ती पायाने दाबली की वर जाणारी, गोल फिरणारी खुर्ची.

मंडळी म्हणजे चौघं. चष्मेवाला आणि लिफ्टवाला गिटारवाले. लिफ्टवाला इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, वर-खाली वर-खाली करून त्याला बोलताना मधेच थांबायची सवय लागली होती. दातवाला आणि पोस्टातल्या बाई युकुलेलीवाले. बाईंनी उभा जन्म टपाल वाटलं. खेळाचा नियम त्यांचाच. "मी दारं वाजवण्यात आयुष्य घालवलंय," त्या म्हणायच्या. "सुरुवात म्हणजे काय, तर कोण आलंय ते कळणं. कळलं की टकटक करायची."

तर खेळ असा. एकाने एखाद्या गाण्याची सुरुवात वाजवायची. गाणं जिथे सुरू होणार तिथे थांबायचं आणि परत पहिल्यापासून. ज्याला ओळखू येईल त्याने बोटाच्या हाडाने टेबलाच्या काचेवर टकटक करायची. टकटक होईपर्यंत वाजवणाऱ्याने थांबायचं नाही. मधे हात काढला तर तो हरला. गाण्यांची खरी नावं कोणी घेत नसे. एक 'शिट्टीवालं' होतं, एक 'सायकलवालं', आणि एक 'घटस्फोटवालं'. हे शेवटचं खरं तर अगदी गोड प्रेमगीत, पण ते लिफ्टवाल्याच्या लग्नात वाजलं होतं. त्या संध्याकाळी जो जास्त ओळखेल तो पुढच्या गुरुवारी त्या वर जाणाऱ्या खुर्चीत बसणार. बाकीचे स्टुलावर.

आणि खुर्चीत कायम कोण, तर दातवाला. कधीमधी बाई. लिफ्टवाल्यानेही दोनदा बूड टेकलं. खुर्ची ज्याची, दुकान ज्याचं, चहा ज्याच्या घरून यायचा, तो चष्मेवाला मात्र कधीच नाही. दिवसभर गिऱ्हाइकांना तो त्या खुर्चीत बसवायचा आणि गुरुवारी आपल्या साडूला. "काय आहे," तो हसून म्हणायचा, "घरचं झालं थोडं." पुढची म्हण तो अर्धीच सोडायचा. सगळे हसायचे. दातवालाही हसायचा. त्यात हसण्यासारखं काही नाही हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही.

खरी गोष्ट अशी होती की दातवाल्याला ऐकू येईनासं झालं होतं.

घासायच्या यंत्राचा किंकाळीसारखा आवाज वर्षानुवर्षं कानाशी घेऊन बसल्यावर दुसरं काय होणार? आधी पक्षी गेले. मग दाराची बेल. मग बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज चिंध्या चिंध्या होऊन यायला लागले. कानाच्या डॉक्टरांनी यंत्रं लावून तपासलं आणि सांगितलं की जाड, खालचे आवाज थोडेफार कळतील, बारीक आणि वरचे गेले, आणि जे गेले ते परत येणार नाहीत. काम सोडा, म्हणाले. दातवाला तिथून निघाला तो घरी गेलाच नाही, थेट चष्म्याच्या दुकानात गेला.

"बायकोला सांगू नकोस," तो साडूला म्हणाला. "ती आजच्या आज यंत्र भंगारात घालील. आणि गुरुवारच्या मंडळींना तर अजिबात नाही. माझी कोणी कीव केलेली मला चालायची नाही."

"या कानाचं त्या कानाला कळणार नाही," साडू म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. मग दोघं हसले, आणि हसता हसता दातवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण मग तू ओळखतोस कसं रे?"

तेही त्याने सांगून टाकलं. हातांवरून. गिटारच्या मानेवर बोटं कुठे पडतात, करंगळी कधी ताणली जाते, उजवा अंगठा कोणत्या तारेवर आधी उतरतो, हे सगळं त्याला पाठ होतं. सायकलवालं म्हणजे पहिलं बोट आडवं आणि बाकीची चालल्यासारखी. घटस्फोटवाल्यात मनगट आधी खाली पडतं. गाणी त्याच्या कानातून उठून कधीच डोळ्यांत येऊन बसली होती.

साडू मोठ्या मनाचा निघाला. पुढच्याच गुरुवारी त्याने वाजवणाऱ्याच्या स्टुलाच्या वर एक झगझगीत दिवा आणून लावला. "तारा नीट दिसायला हव्यात," त्याने सगळ्यांना सांगितलं. स्टूलही असं फिरवून ठेवलं की हात थेट खुर्चीसमोर यावेत. दातवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. साडूने भुवई उडवली. त्या रात्री दातवाल्याला वाटलं की भाऊ असता तर त्यानेही इतकं केलं नसतं. जगात एक माणूस असा आहे की ज्याच्या मांडीवर मान ठेवून खुशाल झोपावं, असं वाटण्यासारखं सुख नाही. ते सुख त्याने पुरेपूर भोगलं.

मग एका गुरुवारी दातवाल्याकडून एक चूक झाली. लिफ्टवाला गिटार घेऊन बसला, डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली, उजवा हात उचलला आणि सवयीप्रमाणे मधेच थांबला. दातवाल्याने टकटक केली.

"शिट्टीवालं!"

 लिफ्टवाल्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो अजून हवेतच होता.

"अहो, मी... वाजवलंच नाही अजून."

"म्हणजे शिट्टीवालं नाही का?"

"आहे. पण वाजवलं नाही."

बाई पोट धरून हसल्या. "दातवाले, तुम्ही आता टपाल टाकायच्या आधीच वाचायला लागलात!" लिफ्टवाल्यानेही टाळी दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण सगळ्यांनी ते कौतुकात घेतलं. नाही हसला तो एकटा साडू. तो चष्मा काढून पुसत बसला, आणि चष्मेवाल्याचा चष्मा मुळात कधी मळत नाही.

पुढच्या गुरुवारी दातवाला गेला तर दिवा काढून ठेवलेला, आणि वाजवणाऱ्याचं स्टूल कोपऱ्यातल्या काळ्या पडद्यामागे.

"नवीन गंमत," साडू म्हणाला. दातवाला त्याच्या ओठांकडे पाहत होता. "आजपासून वाजवणारा पडद्याआड. डोळ्यांची लबाडी नको. कानांनी ओळखायचं. काय साडू, बरोबर ना?"

ते 'बरोबर ना' म्हणताना त्याने सरळ दातवाल्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्या पाहण्यात शरम नव्हती, थोडी घाई होती. बाईंना कल्पना आवडली. लिफ्टवाल्यालाही. दातवाल्याने काय म्हणायचं होतं? 'नको' म्हटलं तर 'का नको' आलं. "बरोबर," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज त्याला छातीत कुठेतरी ऐकू आला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्याने शेकडो वेळा ऐकली असेल. त्या संध्याकाळी तो दांडा हातात घेऊन बघत बसल्यासारखा तो खुर्चीत बसला होता. पडद्यामागे बाई वाजवून गेल्या. त्याला काळा पडदा दिसला. लिफ्टवाला वाजवून गेला. मधेच कुठे एखादी जाड तार घुमली, जमिनीतून पायाला लागली, आणि गेली. त्याने एकदा धीर करून टकटक केली, 'सायकलवालं' म्हणाला, आणि लिफ्टवाल्याने पडद्यातून तोंड काढून अगदी ओशाळून मान हलवली. साडूने मात्र एकामागून एक सुरुवाती ओळखल्या. प्रत्येक टकटकीनंतर तो हसायचा. त्याचे वरचे पुढचे दात दातवाल्यानेच करून दिलेले होते, मित्राचं काम म्हणून तीनदा घासलेले, आणि डावीकडचा एक किंचित तिरका. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात; या माणसाचे दाखवायचे आपण स्वतः बसवले, हे दातवाल्याला तिथे बसल्या बसल्या उमगलं, आणि त्याला सणसणून राग आला.

"आता तू," साडूने पडद्याकडे बोट केलं.

दातवाला युकुलेली घेऊन पडद्याआड गेला. अंधारात बसला. काय वाजवावं याचा त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

लग्नाआधी, दोघं दोन बहिणींच्या घराच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी घिरट्या घालायचे, तेव्हा त्यांनी एक सुरुवात रचली होती. साडूची गिटार पायऱ्या उतरल्यासारखी खाली यायची, याची युकुलेली तशाच पायऱ्या चढायची, आणि मधे कुठेतरी दोघींची गाठ पडायची. ती वाजली की वरची खिडकी उघडायची. तिला पुढे गाणं कधी झालंच नाही, संसार झाला. लग्नात ती एकदा दोघांनी वाजवली, आणि नंतर कधीच नाही. जगात ती ओळखणारी माणसं चारच, आणि त्यांतलं पडद्यापलीकडे एकच बसलेलं.

ती त्याने वाजवायला घेतली. म्हणजे त्याने विचारलंच. आठवतं का तुला? आणि आठवत असेल तर हे का केलंस?

एकदा वाजवून झाली. टकटक नाही. पुन्हा पहिल्यापासून. लाकूड छातीशी धरलेलं, त्याची थरथर बरगड्यांना कळत होती. तिसऱ्यांदा. टकटक नाहीच. त्याला वाटलं, साडू ओशाळलाय. ओळखलंय त्याने, पण कोणत्या तोंडाने टकटक करील? बसलाय मान खाली घालून. आणि खरं सांगायचं तर, एवढ्यावरच त्याचा राग वितळायला लागला. माणूस शरमला की निम्मं काम होतं. तो वाजवत राहिला, आधी रागाने, मग मऊ, मग गल्लीत वाजवायचा तसं. मनातल्या मनात तो 'जाऊ दे, जाऊ दे' म्हणायला लागला होता.

पडदा सरकला. उजेड आला. बाई पडदा हातात धरून उभ्या होत्या.

"दातवाले! अहो, किती वाजवाल? हे कधीचे टकटक करताहेत!"

साडूचं बोट अजून काचेवर होतं. दातवाल्याने पाहिलं, ते बोट उचललं गेलं आणि परत काचेवर पडलं. एकदा, दोनदा. काचेवर हाड. बारीक, वरचा आवाज. दातवाल्यापर्यंत काही आलं नाही. इतकी वर्षं तो टकटकही डोळ्यांनीच ऐकत होता, आणि पडद्याआड बसताना ही एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. साडूच्या आली होती. टकटक करणाराही तोच, आणि ती ऐकू जाणार नाही हे जाणणाराही जगात तोच एकटा.

मग साडू मंडळींकडे वळला. चेहऱ्यावर अगदी कळवळा. दातवाल्याने त्याच्या ओठांवरून, स्वतःच्या हाताने बसवलेल्या दातांवरून, शब्द न शब्द वाचला.

"त्याला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. मी बोललो नाही इतकंच."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. लिफ्टवाल्याने मान खाली घातली. कीव खोलीत कशी पसरते हे दातवाल्याने डोळ्यांनी पाहिलं. त्याने युकुलेली पिशवीत घातली, बंद ओढला आणि दुकानातून बाहेर पडला. मागून कोणी हाक मारली असेल तर असो.

थोरल्या बहिणीने धाकटीला दुसऱ्या दिवशीच सगळं सांगितलं. बायको मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. नेहमी ती बोलता बोलता आत यायची. आज ती त्याने वर बघेपर्यंत थांबली, आणि मग बोलली.

"भावोजींना सांगितलंत. मला नाही."

"तू यंत्र बंद करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं! एकच गोष्ट चार चारदा सांगत होते, आणि तुम्ही 'हूं' म्हणत होतात. मला वाटायचं, आता माझं बोलणं यांना नकोसं झालंय." तिने पदर डोळ्यांना लावला नाही, की आवाज चढवला नाही. "इतके दिवस मी एकटी बसून तेच समजत होते."

 ज्याला सांगायचं त्याने केसाने गळा कापला, आणि जिला सांगायला हवं होतं तिचा गळा आपणच धरून ठेवला होता, हे त्याला दिसलं. तो "चुकलं माझं" म्हणाला. ती गेली, आणि थोड्या वेळाने कापसाचे बोळे आणि कानावर घालायची जाड टोपणं घेऊन आली. ती त्याने निमूटपणे घातली. आता काय वाचणार होतं त्यामागे, पण घातली.

गुरुवार आला आणि गेला. तो गेला नाही. युकुलेली पिशवीतच राहिली, खिळा रिकामा.

एका दुपारी साडू आला. पाठीवर गिटार. त्याने कामाच्या टेबलासमोरचं स्टूल ओढलं, उजेडाच्या बाजूला, हात नीट दिसतील असं, आणि बसला. ओठ सावकाश हलवत म्हणाला, "माझी मती फिरली रे. एकदा, फक्त एकदाच मला त्या खुर्चीत बसायचं होतं. माझीच खुर्ची, साडू. तुझ्याबद्दल त्यांना सांगायचं मनात नव्हतं. तोंडातून गेलं."

दातवाला त्याच्या तोंडाकडे पाहत होता. काम चांगलं झालं होतं. तिरका दात अगदी खरा वाटत होता.

साडूने गिटार मांडीवर घेतली. पहिलं बोट तारेवर ठेवलं, आणि दातवाल्याने ओळखलं. ते बोट त्या जागी ठेवायचं एकच कारण असू शकत होतं. हात पायऱ्या उतरायला लागला, अजून तसाच, थोडा जाड झालेला. मधे जिथे युकुलेलीने चढत येऊन भेटायचं तिथे साडू थांबला, वाट पाहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्याची नजर दातवाल्याच्या उजव्या हातावर होती. लाकडी टेबल त्या हाताच्या खालीच होतं. एकदा बोट वाजवलं की झालं असतं.

दारात बायको आली. तिने ती सुरुवात ऐकली, आणि तिच्या चेहऱ्यावर गल्लीकडची खिडकी उघडली. तिचा हात नकळत दाराच्या चौकटीकडे गेला, बोटं दुमडलेली. दातवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग भावोजींच्या पाठीकडे. हात खाली घेतला आणि आत निघून गेली.

साडू तिसऱ्यांदा पहिल्यापासून वाजवत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. नियम बाईंचा होता आणि तो त्यालाही पाठ होता: टकटक होईपर्यंत थांबायचं नाही; मधे हात काढला तर तो हरला.

दातवाल्याने हात उचलला. समोरचा साचा ओढून घेतला, कानावर जाड टोपणं चढवली आणि घासायचं यंत्र सुरू केलं. मधून मधून तो वर बघायचा. साडूची बोटं अजून पायऱ्या उतरतच होती.